राजानं बदलून दिलेलं शेत

आमचे हे निवृत्त इतिहासाचे मास्तर. अमेरिकेत, ट्रॉयला मुलाकडे राहायला आलो तरी शिकवणं काही सुटलं नाही. जेवायला कोणी आलं की सातवाहन सुरू! "घराणं यज्ञयाग करणारं, पण नाशिकच्या लेण्यांत बौद्ध भिक्षूंची सोय बघायचे. याला म्हणतात राज्य चालवणं!" पोळी गार होते, पण ह्यांचं राज्य काही संपत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सूनबाईची आई राहायला आली. विहीणबाई रत्नागिरीच्या मुसलमान, मराठी माझ्याहून खणखणीत. नातीच्या खोलीत झोपायच्या, पण तिथल्या पसाऱ्यात नमाज कुठला! म्हणून ह्यांनी मोठ्या ऐटीत बेसमेंटचा कोपरा दिला, नवा गालिचासुद्धा आणला. आणि आम्हा दोघींचं असं काही जमलं म्हणता! दिवसभर सोलकढी, वादावादी, खिदळणं. या देशात मला अशी मैत्रीण कधी मिळालीच नव्हती.

एके सकाळी त्या म्हणाल्या, "धाकटीकडे जाते आता, एडिसनला. तिलाच तिकीट बुक करायला सांगितलंय." कारण विचारलं तर नुसत्या हसल्या. दुपारी बघते तर काय, बेसमेंटच्या जिन्यावर कठडा धरून, बसत बसत एकेक पायरी उतरताहेत. गुडघे! रोज पाच वेळा हे, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

मी तडक ह्यांच्यापुढे. "काय हो, राजानं भिक्षूंना दिलेलं शेत पडीक निघालं, तेव्हा काय केलं त्यानं?"

"स्वतःच्या जमिनीतून दुसरं दिलं! कोरून ठेवलंय लेण्यात," हे खुशीत.

"मग विहीणबाईंना जिना उतरवत नाहीये. आपली स्वतःची जमीन कुठली, राजेसाहेब?"

ह्यांनी आपल्या अभ्यासाच्या खोलीकडे पाहिलं. स्वयंपाकघराला लागून, भरपूर उजेडाची, जीव की प्राण. मग उठले आणि टेबल ओढायला लागले.

"अहो व्याहीबुवा, हे काय भलतंच!" विहीणबाई दारातूनच ओरडल्या.

"वापरता येत नाही ते देणं कसलं हो? चुकलंच माझं," हे धापा टाकत म्हणाले.

संध्याकाळचा नमाज आटोपून त्या खोलीबाहेर आल्या आणि थेट फोन लावला. "अगं, ते तिकीट कॅन्सल कर. मी इथेच राहतेय."

मी सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात पडले.