खुर्चीखालचा डाग

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं माझ्या पापण्या उलटून पाहिल्या, बुबुळांजवळ दिवा धरला आणि विचारलं, "काम काय करता?" छापखान्यात प्रुफं तपासतो, असं सांगितल्यावर त्यानं दिवा बाजूला ठेवला. "बारीक टाइप बंद करा," तो म्हणाला. "नाहीतर सगळंच बंद होईल."

बारीक टाइप बंद केल्यावर माझ्यापाशी काय उरतं, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. दिवसा मी पोटासाठी वाचायचो: कायद्याचे निकाल, शाळेची पुस्तकं, कुणाकुणाच्या सत्काराची भाषणं. सत्काराची भाषणं तर इतकी तपासली होती की कोणत्या विशेषणामागून कोणतं येणार, हे न वाचता सांगता यायचं. तेवढ्या एका कामाला डोळे लागत नव्हते. संध्याकाळी सीताबर्डीच्या वाचनालयात जाऊन मी स्वतःसाठी वाचायचो. आयुष्याचा दुसरा काही बेत नव्हता.

त्याच आठवड्यात गोंदियाहून पत्र आलं. तिथल्या एका विडीच्या कारखानदारानं आपल्या लेबलांसाठी स्वतःचा शिळाछापखाना काढला होता आणि त्याला भरवशाचा माणूस हवा होता. पूर्वी त्याच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका आमच्याकडे छापल्या होत्या. त्यांत चूक निघाली नाही, याचं त्याला इतकं आश्चर्य वाटलं असावं की इतकी वर्षं त्यानं ते लक्षात ठेवलं. पत्राच्या कागदावर डाव्या कोपऱ्यात त्याचा स्वतःचा फोटो होता. मजकुरापेक्षा तो मोठा होता.

विडीच्या लेबलावर शब्द असतात सहा-सात, तेही ठसठशीत. म्हणजे गोंदियाला गेलो तर डोळे टिकणार होते. पण टिकवून तिथं वाचायचं काय? आमच्या छापखान्यात गोंदियाबद्दल एकच मत होतं: तिथं गाडी बदलायला उतरतात, राहायला नाही. इथं राहिलो तर वाचायला भरपूर, पण डोळे संपेपर्यंतच.

बायको तांदूळ निवडत बसली होती. ती मूळची सालेकशाकडची. भाऊ तिकडे धानाची शेती करतो. तिला गोंदिया आवडेल, असं मी धरून चाललो होतो.

"तुझं माहेर जवळ येईल," मी म्हटलं.

"माहेर जवळ येते म्हंजे काय होते, मालूम आहे का?" सुपावरची नजर न काढता ती म्हणाली. "बाजाराले आले का माह्याच घरी जेवतीन. कोर्टाची तारीख असली का माह्याच घरी झोपतीन. नागपूर दूर आहे म्हनून तं मी सुखात हाओ."

"मग नको जाऊ या?"

"मी कुठं नको म्हनून राहिली? जायचं तं जा, नाही तं नका जाऊ. माह्यावर नका ढकलू." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "पन सांजेले हे येरझारा घालनं बंद करा. शेजारीन विचारून राहिली, तुमचं काही हरवलं काय म्हनून."

शेवटी मी महिन्याची रजा घेतली. गोंदियाला कळवलं की महिनाभर राहून पाहतो. नागपूरला सांगितलं की महिनाभर जाऊन पाहतो. दोन्हीकडच्या लोकांनी ते सभ्यपणा म्हणून घेतलं.

गोंदियाला उतरलो तेव्हा हमाल लहान रुळांच्या गाडीतली पोती मोठ्या गाडीत चढवत होते. मी एकटाच मोठ्या गावातून लहान गावात उतरत होतो. शेठनं छापखान्याच्या दारात मला हार घातला. जमलेल्या आठ माणसांसमोर भाषण केलं आणि त्यात माझ्यापेक्षा स्वतःचा उल्लेख जास्त केला, हे त्यातल्या त्यात बरं झालं. मग मला छापाचा दगड दाखवला. "मास्तरजी, छापखाना अब आपका," तो म्हणाला. "बस, फोटो हमारा रहेगा."

फोटो म्हणजे लेबलावरचं चित्र. विडीच्या प्रत्येक कट्ट्यावर, म्हणजे जुडीवर, ते गुंडाळलेलं असायचं. शेठ नक्षीदार खुर्चीवर बसलेला, कमरेला कधी न वापरलेली तलवार, मागे त्यानं कधी न पाहिलेला हिमालय, आणि पुढे केलेल्या हातात विडी, गिऱ्हाइकाला देऊ केलेली. मी ते पाच मिनिटं पाहिलं आणि मला हसू आलं. शेठ विडी डाव्या हातानं देत होता. तलवारही उलट्या बाजूला लटकली होती.

कारण साधं होतं. शिळाछापात दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं. शेठच्या म्हाताऱ्या चित्रकारानं अक्षरं बरोबर उलटी लिहिली होती, पण चित्र फोटोवरून जसंच्या तसं दगडावर उतरवलं होतं. कित्येक वर्षं शेठ सगळ्या मुलखाला डाव्या हातानं विडी देत होता आणि कुणी हू की चू केलं नव्हतं. डाव्या हातानं दिलेला प्रसाद कुणी घेत नाही, विडी मात्र चालते, असं मी मनाशी म्हटलं.

मी शेठला दाखवलं. तो खजील झाला, मग रागावला, मग मला म्हणाला, दुरुस्त करा. चित्रकारानं नवा दगड घासून घेतला. जुन्या लेबलाच्या एका प्रतीवर मी लाल शाईनं खुणा केल्या: हात बदला, तलवार बदला, खुर्चीखालचा शाईचा डाग काढा. चित्रकारानं तसं केलं. नव्या दगडाची पहिली प्रत पाहून शेठ म्हणाला, "ये ठीक है. इसमें मैं सीधा दिखता हूँ." त्या दिवशी मला गोंदिया थोडं आवडलं.

ते टिकलं नाही. काम दुपारपर्यंत संपायचं आणि मग करायचं काय, हा प्रश्न उभा राहायचा. मी शेजारच्या फुलचूर गावापर्यंत चालत जायचो आणि तिथं काहीच काम नसल्यामुळे परत यायचो. नागपूरच्या गाडीच्या वेळेला स्टेशनवर जाऊन कोण उतरतं ते पाहायचो, जणू माझं कुणी येणार होतं. खोलीवर दोन पत्रं अर्धवट लिहून ठेवली होती. एकात मी परत येतो असं होतं, दुसऱ्यात येत नाही असं. दोन्हींची सुरुवात एकच होती, तेवढी मेहनत वाचली. डॉक्टरला न जुमानता दोन पुस्तकं आणली होती. ती उघडली की ओळी एकमेकींत शिरायच्या. मी दिव्याला दोष दिला, मग कागदाला, मग भाताच्या गिरण्यांतून उडणाऱ्या कोंड्याला. गोंदियात कोंडा सगळीकडे असतो. दोष द्यायला तो फार सोयीचा आहे.

महिना संपायला आठवडा उरला असताना सालेकशाच्या दुकानदाराकडून विडीचं अख्खं पोतं परत आलं. निरोप होता: नकली माल पाठवू नका. शेठनं ते माझ्यासमोर ठेवलं.

मला मनातून बरंच वाटलं. हे होणार, हे मला ओळखायला हवं होतं. लोक चुकीला इतके सरावले की बरोबर गोष्ट त्यांना खोटी वाटायला लागली. मी शेठला म्हटलं, मीच जाऊन समजावून येतो. गाडीत, वाटेतलं आमगाव स्टेशन मागे पडेपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांची तपासली होती, एक आपलंही असावं.

दुकान स्टेशनपासून जवळच होतं. मीठ, रॉकेल, विडी विकायची आणि मोहफुलं विकत घ्यायची, असा धंदा. दुकानदार तराजूपाशी होता आणि एक म्हातारा मोहाची टोपली घेऊन ओट्यावर बसला होता.

"माल तुम्ही परत केला?" मी विचारलं.

"केला. लोक घेऊन नाही राहिले." त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शेठनं लेबल पाहाले नागपूरहून कोनी मानूस आनला म्हंते. तुमाले भेटला का तो?"

"भेटला," मी म्हटलं. मग जुनं आणि नवं, दोन्ही लेबलं शेजारी ठेवली. "हात बदलला म्हणून घेत नाहीत ना? आधी शेठचा डावा हात होता, आता उजवा आहे. पण हा माल खरा आहे, उलट आधीचाच..."

"कोनता हात?" दुकानदारानं विचारलं.

ओट्यावरचा म्हातारा वाकून पाहायला लागला. "हात कोन पाह्यते जी?" तो म्हणाला. "तांब्या कुठं गेला?"

"कोणता तांब्या?"

त्यानं जुन्या लेबलावर, खुर्चीखाली बोट ठेवलं. "हा. तांब्यावाली बिडी म्हंतो आमी हिले. तांब्या नाही तं आमची बिडी नाही."

मी लेबल डोळ्यांजवळ घेतलं. तिथं डाग होता. लांब धरलं, तरी डागच होता. मी बाहेर उन्हात गेलो, कागद तिरपा केला. डाग थोडा गोल झाला, एवढंच.

म्हातारा माझ्याकडे पाहत होता. "बाबू, आपल्याले दिसून नाही राहिलं का?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता. पाणी देऊ का, असं विचारावं तसं विचारलं.

"गळ्यापाशी जरासा चेपला आहे पाहा," दुकानदार मदत करायच्या सुरात म्हणाला. तयार केलेलं भाषण घेऊन मी परत स्टेशनवर आलो.

गाडीला वेळ होता. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. महिनाभर मी नागपूर का गोंदिया, हे तोलत होतो, जणू दोन्ही माझ्या हातात होती. कायद्याच्या निकालांतले किती पूर्णविराम मी डाग म्हणून उडवले असतील? आणि मग आठवलं की वर्षभरापासून माझ्या प्रुफांवरून आणखी एक जण नजर फिरवत होता. नागपूरच्या मॅनेजरनं ते कामाचा व्याप वाढला म्हणून सांगितलं होतं, आणि मीही तसंच मानलं होतं. मी ठरवायच्या आधीच नागपूरनं ठरवलं होतं. फक्त ते सभ्य लोक असल्यामुळे बोलले नव्हते.

शेठला मी सरळ सांगितलं. "खुर्चीखाली तांब्या होता. लोक त्यावरूनच विडी ओळखतात, तांब्यावाली म्हणतात. मला दिसला नाही. डाग समजून मीच काढायला लावला. माझे डोळे अधू झालेत, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

शेठनं जुनं लेबल हात लांब करून धरलं. "वहाँ लोटा है?" त्यानं चित्रकाराला विचारलं.

"फोटो में था, तो बनाया," चित्रकार म्हणाला. "मास्तरजी ने काटा, तो काटा. सोचा, नागपूर में लोटा नहीं चलता होगा."

शेठनं लेबल खाली ठेवलं. मग माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं, "लोग तांब्यावाली बोलते हैं? मेरा नाम नहीं लेते?"

"नाही घेत."

"ये किसी को बोलना मत," तो म्हणाला. मग चित्रकाराकडे बोट दाखवून म्हणाला, "पत्थर ये देखेगा. आप कागद देखो, स्याही देखो, आदमी देखो. और लोटा वापस डालो." हाताचं काय करायचं, ते त्यानं सांगितलं नाही. त्यामुळे हात उजवाच राहिला.

नागपूरला राजीनामा पाठवला आणि घरी तसं कळवलं. सुटल्यासारखं वाटेल, असं वाटलं होतं. पुढचे तीन दिवस मी त्याच वेळेला स्टेशनवर जात राहिलो.

बायकोचं कार्ड आलं. अक्षर ओळखणं मीच तिला शिकवलं होतं, आणि या वेळी तिनं ते मुद्दाम मोठं काढलं होतं. सामान बांधलं आहे. पुस्तकांच्या दोन पेट्या आहेत. आनायच्या का इथंच कोनाले देऊन टाकू, खरं काय ते लिवा. ते कार्ड दोन दिवस खिशात होतं. पहिल्या उत्तरात मी लिहिलं, मोठ्या टायपातली तेवढी आण. लिहिल्यावर आठवलं की मोठ्या टायपात घरात एकच पुस्तक आहे, देवघरातली आईची पोथी. त्या पोथीच्या मोठ्या अक्षरांची, आणि त्याहून जास्त तिच्यातल्या चमत्कारांची, मी थट्टा केली होती. ते उत्तर फाडलं. दुसऱ्या कार्डावर लिहिलं: दोन्ही पेट्या आण.

पोथीही आण, एवढं लिहायला खाली जागा उरली होती. ती मी कोरीच ठेवली.