बाईंच्या खोलीतलं कपाट कुणी हलवलं

अन्याय बाईंवर झाला. हैदराबादेत, चिक्कडपल्लीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, एका मराठी शाळेत जन्मभर पी.टी. शिकवलेल्या, आणि आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी न आठवणाऱ्या बाईंवर. यंदा संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर आणि त्यांची मुलगी ऑफिसला निघायच्या आधी. करणारे आम्ही, सिनेमाचा कोर्स करणारे तीन विद्यार्थी. ते घडलं तेव्हा मी तिथे नव्हते. पण फिल्मच्या शेवटी जी नावं येतात त्यात माझंही आहे, तेव्हा हे लिहायला दुसरं कुणी येणार नाही.

मला सवय पत्रकांची. फी वाढली, हॉस्टेलच्या टाकीत अळ्या निघाल्या, की मजकूर माझ्याकडे येतो. म्हणून माझं मराठी थोडं ओरडल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

फिल्मची कल्पना डायरेक्टरची. तो बाईंच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर भाड्याने राहतो, तेलुगू मुलगा, वर्गात सगळ्यांत हुशार. कॅमेरा चालवणारा जुन्या शहरातला. दोघांनाही मराठी येत नाही, म्हणून मला घेतलं. बाईंशी बोलायचं, आवाज रेकॉर्ड करायचा आणि शेवटी सबटायटल लिहायची, हे माझं काम. मी पहिल्याच दिवशी विचारलं, हीच बाई का? तो म्हणाला, "यादाश्त का सब्जेक्ट फेस्टिवल में चलता." निदान खोटं तरी बोलला नाही. पण तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवून होते.

परवानगी घेतली ती अशी. बाई खुर्चीत, मुलगी शेजारी. डायरेक्टर वाकून म्हणाला, "मॅडम, आपके ऊपर पिक्चर बनाते, ओके?" बाई म्हणाल्या, "हो हो, बसा. चहा घेणार?" त्याने कॅमेऱ्याकडे अंगठा दाखवला. झाली परवानगी. मी म्हटलं, ही परवानगी नाही, हा पाहुणचार आहे. मुलगी म्हणाली, "अगं, मी आहे ना. आईच्या आजाराबद्दल लोकांना कळलं तर बरंच आहे." या मुलीला मी ताई म्हणते. ती बँकेत आहे, लग्न केलेलं नाही, आणि बाईंना तिने एकटीने सांभाळलंय. भाऊ पुण्यात. फोन करतो.

बाई मात्र मजेच्या. रोज सकाळी आम्ही नवीन. रोज त्या आम्हाला उंचीप्रमाणे उभं करायच्या. डायरेक्टरला रोज सांगायच्या, "बेटा, पहले बाल काट." कॅमेरावाल्याला म्हणायच्या, "पोट आत." आणि मला, "तू कुठल्या तुकडीची? आडनाव काय?"

हैदराबादेतल्या मराठी घरात कुणी आडनाव विचारलं की माझे कान टवकारतात. आमचं घर मराठवाड्यातून आलेलं, बौद्ध. आडनाव सांगितलं की समोरचा क्षणभर हिशोब करतो, तो मला दिसतो. मी आडनाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुमच्यातल्या पोरी पळायला चांगल्या."

"आमच्यातल्या म्हणजे?"

"मराठवाड्यातल्या. मी पण तिकडचीच की. खो-खोत आपल्याला कुणी धरत नाही."

मी पूर्ण विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आडनाव पुन्हा विचारलं, तेच उत्तर, तोच खो-खो. रोज. माणूस विसरला की त्याच्या तोंडून खरं येतं की सवयीचं येतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता कपाटाचं. बाईंच्या खोलीत पलंगाशेजारी लोखंडी कपाट, त्याला लागून शिलाई मशीन, मग बाथरूमचं दार. उठल्या की त्यांचा उजवा हात कपाटावर जायचा, तिथून मशीनच्या झाकणावर, तिथून कडीवर. डोळे अर्धवट मिटलेले असले तरी चालायचं. घर त्यांनी डोक्यात ठेवलं नव्हतं, हातात ठेवलं होतं. ताईने मला हे पहिल्या आठवड्यात सांगितलं. "तारीख विसरते, मला कधी कधी मावशी म्हणते, पण बाथरूमला एकटी जाते. तेवढं आहे तोवर ती घरात आहे."

कपाट खिडकीच्या पुढ्यात होतं. डायरेक्टरला ते पहिल्यापासून खुपत होतं. रविवारी दुपारी मी बाईंना घेऊन बाल्कनीत बसले होते, त्यांच्या लहानपणचं रेकॉर्डिंग करत. आत दोघांनी कपाट समोरच्या भिंतीला नेलं आणि मशीन बाहेरच्या खोलीत. मी आत आले तर खोली उजेडाने भरलेली.

"हे काय?"

"मेरेकू उजाला होना था. देख कित्ता अच्छा दिखरा."

"बाईंना रात्री उठावं लागतं. परत ठेवा."

"रख देंगे रे. पत्रक नक्को बाँट."

कॅमेरावाला हसला. ताई बाजारात गेली होती. मला नारायणगुड्याला विद्यार्थी संघटनेची मीटिंग होती, मी निघाले. त्यांनी परत ठेवलं नाही. का, तर सोमवारचा शॉट रविवारच्या शॉटला जुळायला हवा. सिनेमावाल्यांची ही पद्धतच आहे. एकदा फ्रेम लावली की शूटिंग संपेपर्यंत वस्तू हलवायची नाही. पेला हलला तरी ओरडतात. आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात, आणि शिकवताना कुणी सांगत नाही की ज्याचं घर आहे तो त्या फ्रेममध्ये झोपणार आहे. ताईला त्यांनी सांगितलं, एका रात्रीचा प्रश्न आहे. ती रात्रभर आईजवळ झोपली, आणि आई उठली तेव्हा स्वतः धरून बाथरूमला नेलं.

सोमवारी सकाळी दोघे लवकर वर आले. सकाळचा उजेड हवा होता. ताईने दार उघडलं, आणि घरात ओळखीची मुलं आहेत, आई एकटी नाही, म्हणून ती निर्धास्त आंघोळीला गेली. बाहेरच्या बाथरूममध्ये.

मी पोचले तेव्हा ताई फरशी पुसत होती. बाई पलंगावर बसल्या होत्या, ओल्या साडीत, हात मांडीवर घट्ट. मला बघून त्यांनी आडनाव विचारलं नाही.

"काय झालं?"

"काही नाही गं," ताई म्हणाली. "बाथरूमपर्यंत पोचता आलं नाही तिला. आता असंच होणार म्हणायचं."

डायरेक्टर जिन्यात उभा राहून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर काहीतरी पुन्हा पुन्हा बघत होता. मला बघून त्याने पडदा मिटला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. नाही, ओळखलं होतं, पुरावा नव्हता.

पुरावा सबटायटल करताना मिळाला. त्याने मला कापून-जोडून तयार केलेली फिल्म दिली. त्यात तो शॉट. बाई पलंगावरून उठतात. उजवा हात पुढे जातो. तिथे काही नाही. हात तसाच हवेत. मागे खिडकी, सगळीकडे सुंदर उजेड. मग त्या गजाला हात लावतात, पडद्याला, भिंतीला, बाहेरच्या खोलीत येतात, मुख्य दाराची कडी चाचपतात, परत फिरतात. शेवटी कॅमेरा त्यांच्या पायांकडे जातो. वर बासरीचं संगीत.

या एकाच शॉटला आवाज नव्हता. सगळ्या फिल्मभर माझं रेकॉर्डिंग आहे, इथेच बासरी का? मी विचारलं. डायरेक्टर म्हणाला, "ऑडियो खराब था. फॅन का आवाज."

जानेवारीत, सकाळी, चिक्कडपल्लीत फॅन? बाईंना तर दुपारीही शाल लागत होती. मी मूळ फाइल मागितली. डिलीट झाली म्हणाला. मग कॅमेरावाल्याला सुलतान बाजारात गाठलं, तो बहिणीच्या लग्नाचं कापड घेत होता. दुकानदारासमोरच मागितली. तो म्हणाला, "मेरा नाम मत ले," आणि संध्याकाळी पाठवून दिली.

आवाज स्वच्छ होता. बाई कॅमेऱ्याकडे बघून, डायरेक्टरकडे बघून, त्याला कळेल अशा भाषेत विचारतात, "बेटा, बाथरूम किधर है?" थोडं थांबून पुन्हा, "बेटा, जल्दी है." कुणी उत्तर देत नाही. कॅमेरा नुसता त्यांच्या मागे मागे जातो.

त्या बाई हरवल्या नव्हत्या. त्या रस्ता विचारत होत्या.

मी फिल्मवरून माझं नाव काढा म्हटलं. तो म्हणाला, "सच तो हैच ना? भूलते ना वो?" मी म्हटलं, तुझ्या घरातलं दार काढून भिंत बांधते, मग बघू तुला किती आठवतं. कॉलेजात फिल्म दाखवली तेव्हा त्या शॉटवर लोक रडले. सरांनी "ताकदीची प्रतिमा" म्हटलं. मी उभी राहून कपाटाचं विचारलं, तर सर म्हणाले, प्रत्येक फिल्ममध्ये थोडी मांडणी असतेच. मूळ आवाज ऐकवू का, म्हटलं. वेळ संपली होती. वेळ नेहमी अशाच ठिकाणी संपते.

इथवर असतं तर मी एक पत्रक काढून गप्प बसले असते. पण डायरेक्टरने तो तुकडा पुण्याला बाईंच्या मुलाला पाठवला. "फॅमिली को दिखाना पडता," म्हणाला. मुलाने बघितला आणि ताईला फोन केला: आता चर्चा नको, शहराबाहेर एका वृद्धाश्रमात जागा मिळतेय, गुढीपाडव्याच्या सुट्टीत येतो आणि आईला तिथे सोडतो.

मला त्याच्यावरही संशय आला. जागा इतक्या लवकर कशी मिळाली? आधीपासून बघत होता का? मी ताईकडून नंबर घेऊन फोन लावला.

"दादा, मी त्या फिल्मच्या टीममधली."

"बोला."

"तो शॉट फसवा आहे. कपाट हलवलं होतं. बाई बाथरूम विचारत होत्या, कुणी सांगितलं नाही."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही लोकांनीच केलंत."

"हो."

"आणि आता मला शिकवायला फोन केलात."

"शिकवायला नाही. कपाट परत जागेवर ठेवलंय. बाई पहिल्यासारख्या एकट्या जातात. येऊन बघा."

"एक कपाट हललं तर आई हरवते, हेच तर मी म्हणतोय. उद्या ताई आजारी पडली? गॅस चालू राहिला? तुम्ही याल?"

मी हो म्हणाले. तो हसला. वाईट नव्हतं हसणं, थकलेलं होतं. त्याचा प्रश्न खरा होता की आधीच ठरवलेल्या गोष्टीला लावलेलं झाकण, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण एवढं मला ठाऊक आहे की उत्तर त्याने बासरी लावलेल्या तुकड्यावरून काढलंय. आणि वृद्धाश्रमात पलंग त्यांचा नसेल, भिंत त्यांची नसेल, हात कुठेच पोचणार नाही. तिथे त्या खरोखर हरवतील, आणि मग सगळे म्हणतील, बघा, फिल्ममध्ये होतंच.

मी ताईला म्हटलं, आपण दुसरा व्हिडिओ करू. बाई उठतात, कपाट, मशीन, कडी. सरळ. पाठवून देऊ दादाला.

ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुन्हा कॅमेरा या घरात येणार नाही."

"पण पुरावा—"

"तुझ्याकडून पण नाही. आईने एकदा बाथरूम कुठे विचारलं होतं ना त्यांना. बस."

मी फोन खिशात ठेवला. तिचं बरोबर होतं. मग पुरावा कुठून आणायचा? माणसांकडूनच आणावा लागेल.

हे ज्या अंकात छापून येतंय तो या शहरातल्या मराठी घरांत जातो. तुमच्यातल्या अनेकांना बाईंनी रांगेत उभं केलंय, उशिरा आलात म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यात. बाईंचं घर तुम्हाला ठाऊक आहे. तो तुकडा फिरत फिरत तुमच्या ग्रुपवरही आला असेल, तुम्ही हात जोडल्याची चित्रं टाकली असतील. तो आधी काढा. मग पाडव्याच्या आत त्यांच्या घरी जा. फोन खिशातच ठेवा. त्या आडनाव विचारतील, सांगा. चहा घ्या, तासभर बसा, आणि त्या उठून एकट्या कशा जाऊन येतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग ताईकडून नंबर घ्या आणि मुलाला फोन करून जे बघितलं तेच सांगा. आणि तो विचारेल, उद्या ताई आजारी पडली तर तुम्ही याल का? तेव्हा कुठल्या वारी येणार, ते ठरवूनच फोन लावा.