कडुबा मामांची दाट निगेटिव्ह

माझ्या सासऱ्यांना उस्मानपुऱ्यात सगळे कडुबा फोटोवाले म्हणतात. मी मामा म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणायची रीत आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, दुकानात बसून पासपोर्टचे फोटो कापायचे, एवढंच काम असेल. आल्या आल्या कळलं की खरं दुकान माळ्यावर आहे. तिथं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत मामांनी चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह गावाप्रमाणं लावून ठेवल्यात. हा माणूस स्वतःचा चष्मा दिवसातून चारदा हरवतो, पण पिशोरच्या सत्त्याऐंशी सालच्या लग्नाचा डबा न चाचपडता काढून देतो.

जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून द्यायचं काम मी सुरू केलं. माझा नवरा इंद्रजीत वाळूजला कारखान्यात शिफ्टवर असतो, त्यामुळं दुकानात मी आणि मामा दोघंच, आणि भांडायलाही दोघंच. भांडणाचा विषय ठरलेला, स्कॅनर. आमचा स्कॅनर वीस वर्षांचा. नव्या कॉम्प्युटरला तो ओळखच दाखवत नाही, म्हणून त्याच्याएवढाच म्हातारा कॉम्प्युटर आम्ही जिवंत ठेवलेला. एक फ्रेम वाचून होईपर्यंत माझी भाजी निवडून व्हायची. मी नव्या मशिनीची जाहिरात दाखवली की मामा ती पार शेवटपर्यंत वाचायचे आणि मोबाईल परत द्यायचे.

"आकडं काय, खोक्यावर कुणीबी छापतं," ते म्हणायचे. "जे निगेटिव्हमधी डोळ्याला दिसतंय अन् मशिनीला दिसत नाय, अशी एक निगेटिव्ह मला दाखव. त्याच दिवशी मशीन बदलू. जे निगेटिव्हमधीच नाय, ते लई भारी मशीन तरी कुठून आणणार?"

मला फार राग यायचा, कारण त्यांचं बरोबर होतं.

पण गोम मामांच्याच निगेटिव्हमध्ये होती. आमच्या बौद्ध लग्नांत नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, निम्मं वऱ्हाड पांढऱ्या कपड्यांत, वर दुपारचं ऊन. त्या काळचे बाकीचे फोटोवाले साडीचा काठ दिसावा म्हणून उजेड कमी घ्यायचे. साडी झकास यायची आणि आमच्या सावळ्या बायांची तोंडं कोळशासारखी. मग वरून ब्रश मारून ती गोरी करून द्यायचे. मामांना त्याची भयंकर चीड. ते उजेड मुद्दाम जास्त घ्यायचे. "माणसाचं तोंड दिसलं पायजे. कापड काय, दुकानात बी बघाया भेटतं." म्हणून त्यांच्या फोटोंतली माणसं आजही समोर बसल्यासारखी दिसतात. मला त्यांचा अभिमान वाटतो तो याच गोष्टीचा.

फक्त निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं. जास्त उजेड बसलेली पांढरी साडी फिल्मवर डांबरासारखी गच्च दिसते. तिच्यातून आरपार बघायचं आणि शेजारचा विरळ भागही त्याच वेळी वाचायचा, हे मशिनीचं काम. विरळातल्या विरळापासून दाटातल्या दाटापर्यंत तिची नजर जेवढी पोचते, तेवढी तिची डायनॅमिक रेंज. आमच्या म्हाताऱ्या स्कॅनरची नजर मामांच्या साड्यांपाशी अडायची. साडीच्या जागी स्क्रीनवर नुसते मुंग्यांसारखे ठिपके.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात पिशोरहून चंपाबाई आल्या. पिशोर मामांचंही गाव, त्यामुळं चहा आधी झाला आणि काम नंतर निघालं. त्यांनी पिशवीतून त्याच सत्त्याऐंशीच्या लग्नातला एक फोटो काढला. मांडवात नवरा-नवरी, आणि उजव्या कोपऱ्यात, मांडवाबाहेरच्या उन्हात, वीस वर्षांच्या चंपाबाई. पदर पुढं ओढलेला, त्याच्या सावलीत तोंड नीट दिसत होतं. हातांवर मात्र एक पांढरा डाग.

"ते माझं पहिलं लेकरू हाय," त्या म्हणाल्या. "चार महिन्याचं व्हतं. लग्नानंतर पंधरा दिवसांनी गेलं. एवढा एकच फोटू." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "पोरी, मला त्याचं वजन आठवतं हातावरचं. तोंड आठवत नाय आता."

मोबाईलच्या दुकानातल्या कुणीतरी त्यांना त्या डागाच्या जागी एक गोरंगोमटं, गालावर खळी असलेलं बाळ बनवून दिलं होतं. त्यांनी तेही दाखवलं. "तोंड आठवत नसलं तरी हे माझं नाय, एवढं कळतं मला."

मामांनी निगेटिव्ह काढली, मागून दिवा असलेल्या त्यांच्या जुन्या काचेवर ठेवली, भिंगातून बघितलं. "मागं बी सांगितलं व्हतं ना, वहिनी," ते म्हणाले. "कोरं हाय तिथं." लेकरू गेल्यावर महिन्याभरात चंपाबाई एसटीनं मामांकडं आल्या होत्या, आणि मामांनी तेव्हाही असंच बघून हेच सांगितलं होतं. मी ती स्कॅनरलाही लावून बघितली, डागाच्या जागी नुसत्या मुंग्या. चंपाबाईंनी मान हलवली आणि फोटो पिशवीत ठेवला. त्यांचा चेहरा बघून मला मामांचा आणि त्या स्कॅनरचा एकदमच संताप आला.

त्या गेल्यावर मी ती निगेटिव्ह उचलली आणि मोबाईलचा टॉर्च थेट तिच्या पाठीमागं धरला. मामांच्या काचेमागचा दिवा मिणमिणता, हा उजेड डोळे दिपवणारा. त्या गच्च काळ्यात नखापेक्षा लहान भाग किंचित कमी काळा होता. भिंग लावलं. त्यात दोन बारीक विरळ ठिपके होते. डोळे.

"मामा," मी म्हटलं, "डोळ्याला दिसतंय. मशिनीला दिसत नाय."

मामांनी भिंग घेतलं आणि कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, जिंकलीस. त्यांनी भिंग शर्टाला पुसलं आणि परत डोळ्याला लावलं. जे भांडण जिंकायची मी दोन वर्षं वाट बघितली ते जिंकूनही मला चोरट्यासारखं वाटलं.

तरी मशीन त्यांनी लगेच घेऊ दिली नाही. "आधी हीच निगेटिव्ह तिला वाचाया द्यायची. जाहिरातीतलं गुलाबाचं फूल नको." दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह शर्टाच्या खिशात घालून, वरून हात दाबून, ते एसटीनं पुण्याला गेले. तिथल्या एका लॅबवाल्याकडं मला हवी तशी मशीन होती. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "घेऊन टाक," एवढंच बोलले आणि ठेवून दिला.

नवी मशीन आली तेव्हा पहिली तीच फ्रेम लावली. साडीचा काठ आला, दुपट्याच्या घड्या आल्या आणि त्या घड्यांमध्ये एक सावळं, रुसलेलं तोंड आलं. कपाळावर तीट. नाक चेहऱ्याच्या मानानं चांगलंच मोठं. मला रडू फुटलं. मामा स्टुलावर बसून होते. म्हणाले, "वहिनीला बोलाव. अन् मी काय बोललो तर मधी पडू नको."

चंपाबाई आल्या, स्क्रीनसमोर बसल्या. पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही कुठं बघायचं. मग कळलं. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, काहीतरी घ्यावं तसे, आणि मांडीवर ठेवून दिले. पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "भाऊ, लई उपकार झाले. त्या वक्ताला अशा मशिनी कुठं व्हत्या? तुमचा तरी काय दोष."

पळवाट आयती समोर आली होती. मी मनात म्हटलं, मामा, घ्या ती. सत्तरीच्या माणसानं कुणापुढं किती वाकायचं?

"मशीन नव्हती, वहिनी," मामा म्हणाले. "पर बल्ब व्हता. मागं शंभराचा बल्ब लावून बघितलं असतं तर तव्हाच दिसलं असतं. नवरीच्या साडीवर डार्करूममधी दोन-दोन मिनिटं जादा उजेड दिला मी, काठ यावा म्हणून. तुमच्या कोपऱ्यावर नाय दिला. लगीनसराई व्हती, घाई व्हती. तुम्ही आलात तव्हा नीट बघितलं नाय अन् कोरं हाय म्हणून सांगून टाकलं. चूक माझी हाय."

चंपाबाईंनी स्क्रीनवरून नजर काढून त्यांच्याकडं बघितलं. मला त्यांच्या नजरेची भीती वाटली.

"अडतीस वर्षं, भाऊ," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"ह्याच्या बापाला मी रोज सांगायची, पोरगं तुमच्यावर गेलं व्हतं, नाक तुमचंच व्हतं. ते म्हणायचे, मला नाय आठवत गं. मागच्या साली गेले ते. नाय आठवत म्हणतच गेले."

मामांची मान खाली. मी पाणी आणलं ते कुणी घेतलं नाही. शेवटी चंपाबाईंनीच ग्लास उचलून मामांच्या हातात दिला.

"मोठा फोटू काढा," त्या म्हणाल्या. "निस्तं तोंड. ह्याच्या बापाच्या फोटूशेजारी लावते. दोघांचं नाक बघू द्या घरात सगळ्यांना."

मामांनी त्या दुपारी माझ्या हातून पाच प्रिंट काढून घेतल्या. चार त्यांनी फाडल्या, नाक नीट उठत नाही म्हणून. पाचवी चंपाबाईंच्या हातात दिली, आणि त्यांना पिशोरच्या गाडीत बसवून द्यायला स्वतः स्टँडपर्यंत गेले.