मनगटांवरची बोटं

श्रावणातल्या एका मंगळवारी दुपारी, फरीदाबादमधल्या आमच्या घरी, मी माझ्या सासूबाईंची दोन्ही मनगटं काळीनिळी केली. फुगडी खेळताना. कशी झाली, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

तुम्हाला सांगते. पण आधी ती फुगडी सांगू द्या!

मंगळागौरीला सेक्टरमधल्या मराठी बायका जमल्या होत्या. सोफे भिंतीला लावलेले. आई — सासूबाईंना मी आईच म्हणते — खुर्चीत बसून टाळ्यांनी ठेका धरत होत्या. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. मला माहीत नव्हतं? मी घरून ज्या वर्तमानपत्राचं काम करते, त्याच्या आरोग्य पानावरचा मुक्या मारावरचा मजकूर मीच संपादित केला होता. कातडी फाटत नाही, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त तिथेच साकळतं. ही गोळी घेणाऱ्याला नुसतं जोरात धरलं तरी पुरतं — हे वाक्य तर मी स्वतः घातलेलं.

आणि आई उठल्या. पदर खोचला.

"आई, नको हं. डॉक्टर काय म्हणालेत..."

"डॉक्टर येणारेत का फुगडीला? चल! का दमलीस आधीच? दिल्लीचं दूधच पातळ बाई!"

सगळ्या हसल्या. मी हात पुढे केले. आधी हळू. मग वेग कोणी वाढवला — त्यांनी की मी? पंखा, पडदे, साड्या, सगळ्याची एकच रेघ झाली. मागून कोणीतरी ओरडलं, "सासूबाई, सोडू नका हिला!" घामाने बोटं निसटायला लागली. तेव्हा थांबायचं होतं. थांबले का? मी हात सोडून मनगटं आवळली आणि आणखी जोरात फिरले. आई खदखदून हसत होत्या, मी किंचाळत होते. इतकी मजा मला या शहरात कधीच आली नव्हती — तेही खरं आहे, ते आता पुसता येत नाही.

संध्याकाळी मनगटं लाल, सकाळी जांभळी-काळी. माझी बोटं त्यांवर मोजता येत होती. फडक्यात गुंडाळून बर्फ लावला, हात उशीवर उंच ठेवले, चोळू दिलं नाही. दोन दिवसांनी कोमट शेक. सगळं नियमाप्रमाणे — एक सोडून. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. कळवलं असतं, तर कसं झालं ते सांगावं लागलं असतं. मी आईंना लांब बाह्यांचा ब्लाउज काढून दिला.

"तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस हं," आई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी खेळू देणार नाही."

शनिवारी नोएडाहून नणंद आली. जेवताना आईंची बाही वर सरकली. डागांच्या कडा हिरवट झाल्या होत्या.

"वहिनी, हे कोणी केलं?"

नवरा माझ्याकडे बघत होता. तो सकाळी मानेसरला जातो, रात्री येतो. दिवसभर घरात काय घडतं ते त्याला माझ्याकडूनच कळतं.

"सरिता उठवताना जरा घट्ट धरते," मी म्हणाले.

आईंना दम लागू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून सरिता त्यांना आंघोळ घालायला यायची.

"बघ, हिरवं पडलंय. म्हणजे जुनंय. रोजचंच असणार!" नणंद भावाला म्हणाली. नुसत्या रंगावरून मार नक्की कधीचा ते ठरवता येत नाही — हेही त्याच मजकुरात होतं. मी बोलले का? तिने आईंना विचारलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आठवत नाही गं," त्या म्हणाल्या.

सोमवारी नवऱ्याने सरिताला दारातूनच परत पाठवलं. मी स्वयंपाकघरात होते. "दीदी, आप बोलो ना, मैंने कब ज़ोर से पकड़ा?" — तिने दोनदा विचारलं. मी मिक्सर चालू केला.

त्याच आठवड्यात नणंद आईंना डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्ताची तपासणी ठीक आली. डाग पिवळे पडले, मग गेले. सरिता पुन्हा आमच्याकडे आली नाही.

मंगळागौरीच्या दिवशीही ती आली नव्हती. घरात बायका असतील, उद्या येऊ नकोस, असं आदल्या दिवशी मीच तिला सांगितलं होतं.