आबांसाठी एक वांगं

मंडळी, आज सकाळी धुळ्याच्या बाजारात मी चक्क खोटं बोललो.

भरताची वांगी घेत होतो. एरवी ती आबा, म्हणजे माझे वडील, निवडायचे. आकाराने मोठं पण हातात हलकं, म्हणजे बिया कमी. त्यांना जाऊन दोन महिने झाले. वांगीवाल्या अक्कांना हे ठाऊक नव्हतं.

"आबा बरा शेतस ना?" त्यांनी विचारलं.

अहिराणीत 'आहेत'ला 'शेतस' आणि 'होते'ला 'व्हतात' म्हणतात. मला दोन्ही येतं.

"हा, बरा शेतस," मी म्हणालो.

अक्कांनी पिशवीत एक वांगं वरून टाकलं. "हाई आबासले."

घरी भरीत झालं, जेवणं झाली. ते वांगं तेवढं भाजलं नाही. आत्ता हातात घेऊन पाहिलं. मोठं आहे आणि हलकं.

पुढच्या बाजारी अक्का विचारतील, आबांना आवडलं का. तुम्ही काय सांगितलं असतं?