मुंडी पाण्यात

"मामा, आई गेली." सकाळी भाच्याचा, संतोषचा फोन आला आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "विहिरीत?" तो म्हणाला, "न्हाय ओ, झोपेत." रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं... अक्का पाण्यात गेली असती तर गावानं तिच्या पोहण्यालाच दोष दिला असता, आणि उत्तर द्यायला ती नसती.

अक्का माझी थोरली बहीण. वाशी तालुक्यातल्या आमच्याच गावात शिक्षिका होती, सासरही गावातलंच, त्यामुळं माहेरची विहीर तिला सुटली नाही. आमच्या वडिलांनी, दादांनी, आम्हा दोघांना पाठीला सुका भोपळा बांधून तिथंच पोहायला शिकवलं. काठावरून ते एकच ओरडायचे, "मुंडी वर!" वरून कोण कधी अंगावर उडी टाकील याचा नेम नसायचा, म्हणून आमच्याकडं सगळेच म्हशीसारखं डोकं बाहेर काढून पोहतात. अक्काही साठीपर्यंत तशीच पोहली. मग मान धरली. कळ खांद्यातून बोटांपर्यंत जायची, वाळत घातलेलं लुगडं काढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आणि पोहणं कायमचं बंद, असं सांगितलं. पट्ट्याबद्दल तिची तक्रार नव्हती. "पण तेवढा अर्धा तास मला कुणी चहा मागत न्हाय रे," एवढंच म्हणाली, आणि चार दिवस नीट जेवली नाही.

धाराशिवला फिजिओथेरपीला नेलं, तिथली मुलगी संतोषपेक्षाही लहान. तिनं विचारलं, "आजी, पोहता कशा? इथंच दाखवा." अक्का सरळ त्या पलंगावर पालथी पडली आणि हातपाय मारू लागली. बाहेरचे पेशंट दारातून बघत होते. मुलगी हसली नाही. म्हणाली, "मान मागं मोडून आख्खं डोकं तोलताय. पाय बुडतात, म्हणून अजून वर उचलता. पाण्यात खाली बघायचं. श्वास घ्यायला नुसती मान वळवायची नाही, खांदा, कंबर, सगळं अंग कुशीवर न्यायचं. एक कान पाण्यातच राहू दे. कधी डावीकडून श्वास, कधी उजवीकडून."

दुखणं उतरल्यावर अक्का पुन्हा पाण्यात उतरली. मी पायरीवर. दादांच्या उलट ओरडायचं काम माझ्याकडं होतं: "अक्का, मुंडी!" नाकात पाणी जायचं, ठसका लागायचा, "दादा वरून बघत असतील तर कानफाटात देतील" म्हणायची आणि पुन्हा तोंड बुडवायची. आख्खा उन्हाळा गेला. दादांचा तिनं मोडलेला हा एकच शब्द, तोही साठीनंतर. मग एक दिवस ती भिंतीपासून भिंतीपर्यंत गेली, अंग पाण्यावर सरळ, वळताना बोटभर पाणी उडालं नाही. मी आयुष्यात भरपूर सत्कार पाहिलेत, त्यांत ऊर भरून आल्याचं आठवत नाही. त्या दिवशी आला.

पुढं गावातल्या बायका तिच्याकडं शिकायला येऊ लागल्या. त्यांना ती सांगायची, "आपल्याला मेडल न्हाय आणायचं. रात्री उशीवर मान टेकता आली, बास." मलाही तिनंच शिकवलं, तेव्हा पायरीवरून ओरडायची पाळी तिची.

शोकसभेत बॅनर लागलं होतं: 'जलसम्राज्ञी'. एका वक्त्यानं तिला समुद्रातही उतरवलं. तिनं समुद्र एकदाच पाहिला होता, आणि "खारट हाय" एवढाच शेरा दिला होता. बॅनरवरच्या फोटोत ती पोहताना दिसत होती, डोकं ताठ वर. नेमका दुखण्याच्या आधीचा फोटो निवडला होता. मी संतोषकडं पाहिलं, तो म्हणाला, "मामा, आईनं हे फाडलं असतं."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेलो. मोटारीच्या खोलीत खिळ्याला तिचा गळ्याचा पट्टा अजून लटकतोय, टाकून का देत नाहीस, विचारलं तर म्हणायची, "राहू दे, त्याला बघितलं की मी सरळ पोहते." मी पाण्यात उतरलो. दोन हात मारले आणि जुन्या सवयीनं डोकं वर आलं... पायरी रिकामी होती. तरी मी क्षणभर थांबलो, तिची हाक यायची वाट बघत. मग तोंड पाण्यात घातलं, खालचा हिरवा अंधार बघत हळूच कुशीवर वळलो, आणि श्वास घेतला.