प्रोफेसर मुनीबांचा कोर्स

इराकमधल्या बसऱ्याच्या कॅन्सर इस्पितळात इंतिसार केमोची औषधं मिसळायची. फार्मसीची पदवी, तिखट जीभ आणि डोक्यात एकच खूळ: कोर्सच्या नावातून आतली औषधं कळली पाहिजेत, आणि ते नाव, तो कोड सगळ्या इस्पितळांत एकच हवा. मागणी काय वाकडी होती सांगा? पण इथं कोर्स ज्यानं आणला त्याच्या नावानं चालायचा. लाल औषधाचा कोर्स प्रोफेसर मुनीबांनी सुरू केला, म्हणून पेशंटच्या कागदावरही 'मुनीबांचा कोर्स' एवढंच.

तिनं बैठकीत विषय काढला, तर विभागप्रमुख डॉक्टर लुअय दुखावलेच.

"मुनीबसाहेबांना जाऊन वर्ष झालं नाही, आणि तुम्ही त्यांचं नाव पुसायला निघालात?"

"नाव भिंतीवर लावा की, डॉक्टर. कागदावर औषधं लिहा."

"इथं सगळ्यांना ठाऊक आहेत औषधं."

"इथं. आणि बसऱ्याबाहेर?"

सगळे माना खाली घालून चहात साखर ढवळत बसले. आदर म्हणे! मेलेल्याचा मान राखायचा आणि जित्याचं काय ते अल्लावर सोडायचं.

फखरियाखाला, सगळ्या वॉर्डाची मावशी, इथलीच पेशंट. तिच्या कागदावर असंच 'मुनीबांचा कोर्स, पूर्ण' लिहिलं होतं. पुढं गाठ परत आली. मुलगी बगदादला होती, म्हणून मुलगा विसाम आईला तिकडं घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरला कोण मुनीब नि कसला कोर्स, काही उमगेना. त्यानं विसामला विचारलं. आई शेजारीच बसलेली. तिच्यापासून आजार लपवायचा, असं घरानं ठरवलेलं; सगळी घरं तेच ठरवतात. विसाम म्हणाला, "काही नाही हो, शक्तीची सलाईन दिली होती." डॉक्टरनं ते खरं मानलं आणि उपचार पहिल्यापासून सुरू केले.

खाला बसऱ्याला परतली ती उशांना टेकून, धापा टाकत. पायांवर सूज. हृदय पार थकलेलं. विसाम खाली चहा आणायला गेला तेव्हा इंतिसार तिच्या खाटेशी बसली.

"खाला, तेच लाल औषध पुन्हा दिलं का हो?"

"तेच. लघवीसुद्धा तशीच लाल."

"अहो, मग बोलला का नाहीत? ते जन्मात ठरावीकच घेता येतं. त्यापुढं हृदयच जातं."

"मला वाटलं, एवढे मोठे डॉक्टर, त्यांना ठाऊक असेल." खाला दम खायला थांबली. "आणि विसाम बसला होता ना गं शेजारी. मी बोलले असते, तर मला सगळं कळलंय हे त्याला कळलं असतं. बिचारा इतके दिवस शक्तीची सलाईन म्हणतोय. त्याचा जीव कशाला तोडू?"

डॉक्टर लुअयशी इंतिसारला भांडता आलं होतं. हिच्याशी काय भांडणार?

विसाम वाळक्या लिंबाचा चहा घेऊन आला. "यम्मा, डॉक्टर म्हणाले नुसता अशक्तपणा आहे."

"तेच सांगत होते हिला मी," खाला म्हणाली, आणि तिनं कपासाठी हात पुढं केला. कप तिच्यानं उचलवेना. विसामनं तो तिच्या ओठांना लावला आणि इंतिसारला विचारलं, "आता पुढचं औषध कुठलं?"

पुढचं औषध नव्हतं. खाला तिच्याकडं टक लावून बघत होती, खरं सांगू नको म्हणून.

"शक्तीचं," इंतिसार म्हणाली.